१८ मे नंतरही भेटा : परभणीच्या कृषी विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू, सर्व संचालक, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी



मी आपल्या कार्यक्षेत्रातला एक कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि जमलं तर रब्बीची ज्वारी, असं आमचं शेत. विद्यापीठाचे मेळावे पाहिलेत, आपलं ‘शेतीभाती’ मासिक वाचलंय, आपल्या वाणांचं बियाणं पेरलंय. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसानं केलेली टीका समजू नका. विद्यापीठाचं काम किती मोलाचं आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच ते आमच्या शिवारात हवं तेव्हा सापडत नाही याची खंत जास्त वाटते.

आज माझ्या गावात कोणतं बियाणं घ्यायचं हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठरतं. पीक पिवळं पडलं की पानाचा फोटो आधी दुकानदाराच्या मोबाईलवर जातो. कोणतं औषध, किती मिली, कशात मिसळून, सगळं तोच सांगतो. त्याला मी दोष देत नाही. तो जागेवर असतो, ओळखीचा असतो, उधारही देतो. पण त्याचं पोट विक्रीवर आहे आणि तुमचा पगार आमच्या भल्यासाठी आहे. सल्ला तुमचा मिळायला हवा, आणि मिळतो त्याचा. या पत्रात जे काही लिहिलंय ते या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

तक्रारींआधी थोडा इतिहास सांगतो. आपल्याला तो ठाऊक आहेच. पण हे पत्र आमची तरुण मुलंही वाचतील आणि विद्यापीठ आपल्याला कसं मिळालं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

नागपूरला कृषी महाविद्यालय १९०६ साली आलं, पुण्याला १९०७ साली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परभणीला १९१८ च्या सुमारास प्रयोगक्षेत्र सुरू झालं, कापसावर काम होऊ लागलं. पण शेतकऱ्याच्या पोराला शेतीचं शास्त्र शिकवणारं महाविद्यालय इथं यायला १९५६ उजाडलं. म्हणजे नागपूर-पुण्याच्या मागे आम्ही पन्नास वर्षं होतो.

पुढे देशात शेतीसाठी वेगळी विद्यापीठं काढायचं ठरलं. पहिलं १९६० साली पंतनगरला झालं. अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर एकाच छताखाली शिक्षण, संशोधन आणि विस्तार चालावा, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्रात १९६८ साली सगळ्या राज्यासाठी मिळून एकच कृषी विद्यापीठ झालं. कोकणातला भात आणि आंबा, विदर्भाचा कापूस, मराठवाड्याची ज्वारी आणि तूर हे सगळं एका ठिकाणाहून कसं सांभाळायचं, हा प्रश्न लोकांनीच विचारला. अकोल्याच्या विद्यापीठासाठी विदर्भात मोठं आंदोलन झालं आणि ते विद्यापीठ १९६९ साली मिळालं. परभणीसाठी मराठवाड्यातले विद्यार्थी आणि नागरिक रस्त्यावर उतरले. अखेर १८ मे १९७२ रोजी दापोलीबरोबर परभणीचंही विद्यापीठ अस्तित्वात आलं.

ते साल कोणतं होतं, याची आठवण मुद्दाम करून देतो. विद्यापीठाची पाटी लागली त्याच वर्षीचा पावसाळा कोरडा गेला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन त्यांनी दिवस काढले. या विद्यापीठाचं पहिलं वर्ष म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांचं सर्वात वाईट वर्ष. पाऊस दगा देतो त्या मुलखातल्या शेतकऱ्याला सावरणं, हे काम आपल्याकडे जन्मापासूनच आलेलं आहे. २०१३ साली, माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा ही जबाबदारी आणखी वाढली.

आणि ती आपल्या आधीच्या पिढ्यांनी निभावली, हेही मोकळेपणानं सांगतो.

भेंडी लावणाऱ्याला केवडा माहीत असतो. आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग शिरांच्या जाळीसकट सगळं पान पिवळं पडतं. भेंडी पांढरट, राठ होते आणि बाजारात कुणी हात लावत नाही. पांढरी माशी हा रोग झाडाझाडावर नेते. पुसा सावनी हा नावाजलेला वाणही पुढे त्याला बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या डॉ. वाय. एस. नेरकर आणि एन. डी. जांभळे यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी केला. पिढ्यामागून पिढ्या निवड करून त्यांनी ‘परभणी क्रांती’ हा वाण तयार केला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात तो बाहेर आला. भेंडीच्या पाकिटावर परभणीचं नाव देशभर गेलं.

विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्रानं तुरीसाठी केलेलं काम याच तोडीचं आहे. वांझ रोग आलेलं तुरीचं झाड लांबून हिरवंगार दिसतं. जवळ जाऊन पाहिलं की पानं बारीक, फिकट आणि फुलाचा पत्ता नाही. शेतकरी ते झाड पीक म्हणून जपतो आणि हाती शेंग येत नाही. त्या वांझ रोगाला आणि मर रोगाला तोंड देणारी बीएसएमआर ७३६ बदनापूरनं दिली. नंतर लवकर निघणारी बीडीएन ७११ दिली. जमिनीतली ओल आटायच्या आत तिचे दाणे भरतात, म्हणून मध्यम जमिनीवरच्या कोरडवाहू माणसाला ती आधाराची वाटते. मग बीडीएन ७१६ आली आणि अलीकडे ‘गोदावरी’. नांदेडच्या केंद्राचं एनएचएच ४४ हे कापसाचं संकरित वाण तर ‘नांदेड ४४’ या नावानं राज्याबाहेरही गेलं. रस शोषणाऱ्या किडींना ते सोसायचं आणि कमी पाण्यावर तग धरायचं.

मराठवाड्याची अडचण समोर ठेवून जेव्हा जेव्हा तुम्ही काम केलंत, तेव्हा देशाला उपयोगी पडेल असं काही हाती आलं. आता तक्रारी आणि मागण्या एकेक करून मांडतो.

पहिली गोष्ट बियाण्याची.

दर वर्षी १८ मे रोजी, वर्धापनदिनी, परभणीत खरीप पीक परिसंवाद भरतो. बियाणं विक्रीला येतं आणि आठही जिल्ह्यांतून आलेली माणसं रांगेत उभी राहतात. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा परिसंवाद होतो. हे दोन्ही दिवस आम्ही लक्षात ठेवतो. पण परभणीपासून शे-दीडशे किलोमीटरवरचा अल्पभूधारक एका पिशवीसाठी गाडीभाडं घालून येतो, रांगेत उभा राहतो आणि बियाणं संपल्याचं ऐकून परत जातो, तेव्हा त्या वाणाचा त्याला काय उपयोग? वाण प्रसारित झाल्याची बातमी पेपरात येते, दोन-तीन हंगाम जातात आणि बियाणं शोधूनही मिळत नाही.

तुमची अडचणही मला कळते. पैदासकार बियाणं तुम्ही करता, त्याचं पायाभूत आणि मग प्रमाणित बियाणं महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळानं आणि इतरांनी करायचं, असा तो क्रम आहे. साखळीतली एक कडी सैल झाली की शेतकऱ्यापर्यंत काही येत नाही. विद्यापीठानं पडीक जमीन वहितीखाली आणून बीजोत्पादन वाढवायला घेतलं, हे चांगलं केलं. पण आठ जिल्ह्यांची गरज एकट्या विद्यापीठाच्या जमिनीवर भागणार नाही. म्हणून तालुक्यातालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि गटांना थेट पायाभूत बियाणं द्या. भेसळ कशी काढायची, बियाणं कसं साठवायचं हे त्यांना शिकवा आणि त्यांच्या प्लॉटची तपासणी वेळेवर करा. सोयाबीन आणि तुरीसारख्या सरळ वाणांचं बियाणं आम्ही गावातच तयार करू शकतो. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. ज्याच्या घरी स्वतःचं, शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवण तपासलेलं बियाणं होतं, तो त्या वर्षी बाजाराच्या भरवशावर नव्हता. असे शेतकरी प्रत्येक गावात तयार करणं हे विद्यापीठाचंच काम आहे.

नांदेड ४४ चं उदाहरण यासाठीच आठवतं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच बाजार खाजगी कंपन्यांच्या संकरित वाणांनी भरून गेला. तुमच्या वाणात बीटी जनुक आणायला इतका उशीर झाला की तोवर नांदेड ४४ हे नावच नव्या पिढीच्या कानावरून गेलं होतं. दरम्यान गुलाबी बोंडअळी बीजी-२ या सुधारित बीटी कापसालाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ साली महाराष्ट्रातल्या कापसाची बोंडं आतून पोखरली गेली. सार्वजनिक संस्था मागे पडली की शेतकऱ्याकडे निवडच उरत नाही. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी तुम्ही इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८ साली आणलीत. आमच्या बायका-मुलांच्या अंगात रक्त कमी, म्हणून ही ज्वारी आधी आमच्याच ताटात यायला हवी. तिचीही गत नांदेड ४४ सारखी होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं. त्या रात्री बांधाकडून येतात, कोंब दोन दलांवर असतानाच कुरतडतात आणि सकाळी पाहावं तर अख्खी ओळ मोकळी. उपाय तुमच्याकडे होते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेनं टाकायची, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, गरज पडली तर गोळ्यांचं आमिष ठेवायचं. पण हे गावोगाव कळेपर्यंत अनेकांची दुबार पेरणी झाली होती. पुढच्या वर्षी सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. शेंगा भरायच्या दिवसांत शिवारं पिवळी झाली आणि शेतकरी एकावर एक औषधं मारत राहिले. विषाणूजन्य रोगावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही, रोग नेणारी पांढरी माशी आधीच आटोक्यात ठेवायची असते, हे पेरणीच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर हजारो रुपये वाचले असते.

कीड-रोगाचा अंदाज आधीच यावा आणि तो त्या त्या तालुक्यापुरता असावा, एवढंच मागणं आहे. मंगळवार-शुक्रवारची हवामान सल्ला पत्रिका उपयोगी आहे, पण ती जिल्ह्याची असते. एकाच जिल्ह्यात एका मंडळात ढगफुटी आणि दुसऱ्यात धुळवड, हे आता नेहमीचं झालंय. त्यात २०२४ साली देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली. तो निर्णय आपला नव्हता. पण तोटा आमचा झाला, तेव्हा त्याविरुद्ध विद्यापीठाचा आवाजही मोठ्यानं यायला हवा होता असं मला वाटतं.

‘माझा एक दिवस माझ्या बळीराजासाठी’ हा उपक्रम चांगला आहे. शास्त्रज्ञ महिन्यातून एक दिवस शेतकऱ्याबरोबर घालवतात, त्याचं ऐकून घेतात. पण किडीचा उद्रेक बुधवार-गुरुवार पाहत नाही. जून ते सप्टेंबर प्रत्येक तालुक्यासाठी एक शास्त्रज्ञ ठरवून द्या. त्याचं नाव आणि कार्यालयाचा फोन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असू द्या. हंगाम संपला की त्याच्याकडे कोणते प्रश्न आले आणि त्यानं काय उत्तरं दिली, हे छापा. पुढच्या संशोधनाचे विषय तुम्हाला त्या प्रश्नांत मिळतील.

तिसरी गोष्ट शिफारशींची.

दर वर्षी राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची ‘ॲग्रेस्को’ ही संयुक्त बैठक होते, तिथं वाणांना, यंत्रांना आणि शिफारशींना मान्यता मिळते. त्या यादीतली प्रत्येक शिफारस कष्टानं तयार झालेली असते, याबद्दल शंका नाही. पण परभणीच्या भारी काळ्या जमिनीवर, वेळेवर मजूर आणि ट्रॅक्टर हाताशी असताना जे जमतं, ते आष्टी-पाटोद्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर जमेलच असं नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातलं सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर होतं. आमच्याकडे कित्येकांना एवढंही नाही आणि तेसुद्धा दोन-तीन तुकड्यांत. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन पेरलं तर जास्त पावसात पाणी निघून जातं आणि उघडीप पडली तर ओल टिकते. हे मी पाहिलंय, पटलंयही. पण ते पेरणी यंत्र ट्रॅक्टरचं, ट्रॅक्टर दुसऱ्याचा आणि वाफसा दोनच दिवसांचा. आमची पाळी येईपर्यंत वाफसा जातो, मग आम्ही पुन्हा तिफणीनंच पेरतो.

म्हणून मागणं हे की प्रत्येक शिफारशीखाली तीन ओळी लिहा. ही कोणत्या जमिनीसाठी आहे, एकरी खर्च किती आहे आणि पाऊस कमी पडला तर नुकसान किती होईल. प्रक्षेत्रावरच्या सर्वोत्तम उत्पादनाच्या आकड्याशेजारी शेतकऱ्याच्या शेतात आलेला आकडाही छापा. जिथं एखादी शिफारस फसली ती गावंही सांगा. त्यानं विद्यापीठाची पत वाढेल, कारण शेतकरी फसलेलं सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवतो. आणि हे सगळं मराठीत असू द्या. इथल्या शेतावर, इथल्या पिकावर केलेले पदव्युत्तर प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात इंग्रजीत राहतात. प्रत्येक प्रबंधाचा दोन पानांचा मराठी गोषवारा संकेतस्थळावर टाकणं अवघड नाही.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची.

शेवटच्या वर्षातले कृषिदूत आणि कृषिकन्या गावात येतात, तेव्हा गाव त्यांचं मनापासून स्वागत करतं. देवळापुढे रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं, फलकासह फोटो निघतो, पेपरात बातमी येते. यातली काही मुलं इतकी हुशार असतात की त्यांच्याशी बोलून मन भरून येतं. पण त्यांना गावात राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी नीट ठरवून दिलेलं नसतं. प्रत्येक विद्यार्थ्याला एका शेतकऱ्याचं एक एकर द्या. पेरणीपासून काढणीपर्यंत बियाणं किती, खत किती, फवारण्या किती, मजुरी किती, माल किती आणि भाव काय, याची वही त्यानं लिहावी. अशा हजारो वह्या दर वर्षी जमल्या तर मराठवाड्यातल्या शेतीचा खरा हिशोब विद्यापीठाकडे असेल. हमीभावाच्या चर्चेत, पीकविम्याच्या वादात तो हिशोब कामी येईल.

कृषी पदवीधर स्पर्धा परीक्षेकडे वळतात म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. घरची शेती परवडत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण चार वर्षं शेतीचं शास्त्र शिकलेल्या मुलाला शेतीत उभं राहावंसं वाटत नसेल, तर अभ्यासक्रमात आणि शेतीच्या अर्थकारणात काय चुकतंय, हे विद्यापीठानंच विचारायला हवं.

पाचवी गोष्ट शेतातल्या बायकांची.

पेरणी आणि फवारणी सोडली तर आमच्या शेतातलं बहुतेक काम बाया करतात. खुरपणीला दिवसभर उकिडवं बसायचं. कापूस वेचायला कमरेला ओटा बांधून वाकत जायचं. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. वेचणीच्या दिवसांत बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि संध्याकाळी भाकरी थापताना त्या चुरचुरतात. आपल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयानं बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर अनेक वर्षं काम केलंय. ती साधनं प्रदर्शनाच्या दालनात दिसतात, तालुक्याच्या बाजारात नाही. गावातल्या लोहाराला ती करायला शिकवा, बचत गटांना ती भाड्यानं द्यायला द्या. आणि परिसंवादाच्या मांडवात पुढच्या रांगा बायकांसाठी ठेवा. त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्यापेक्षा नेमके असतात.

सहावी गोष्ट जमिनीची.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीनं जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्या मुलखाला २०१६ साली लातूरसाठी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथंच नद्यांनी काठ सोडले. पिकं गेली, जनावरं गेली आणि कित्येक शेतांतली मातीच वाहून गेली. पीक गेलं तर पुढच्या वर्षी पेरता येतं. खरडून गेलेल्या जमिनीत पेरायचं कशात? सरकार मदत देईल, ती संपेल. त्या जमिनीत गाळ किती टाकायचा, तो कुठून आणायचा, पहिल्या वर्षी हिरवळीचं कोणतं पीक घ्यायचं, किती वर्षांनी ती पुन्हा पिकेल, याची उत्तरं शास्त्रज्ञांनीच द्यायची आहेत. अशा शेतांवर पाच-सात वर्षांचे प्रयोग हाती घ्या, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन.

त्याचबरोबर पीकपद्धतीकडेही पाहा. आम्ही सगळे सोयाबीनमागे लागलो, कारण ते लवकर निघतं आणि हाती रोख पैसा येतो. ज्वारी मागे पडली, करडई मागे पडली, जवस तर मुलांना दाखवायलाही सापडत नाही. ‘परभणी कुसुम’सारखी करडई आपल्याकडे आहे, लातूरला गळीतधान्याचं केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळाचं आहे. पण बाजार नसेल तर वाण एकटं काय करणार? तेलघाणे, प्रक्रिया, खरेदी हे सगळं धरून शिफारस करा. आमची देवणी आणि लाल कंधारी जनावरंही याच शेतीचा भाग आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय आता नागपूरच्या विद्यापीठाकडे आहे, पण शेतकऱ्याच्या दावणीला बैल आणि शेत वेगळं नसतं. दोन विद्यापीठांनी एकत्र बसून एका शेतकऱ्याचा विचार करायला काय हरकत आहे?

शेवटची गोष्ट मी आपल्या बाजूनं लिहितोय आणि ती राज्य सरकारनंही वाचावी. चारही कृषी विद्यापीठांत प्राध्यापकांची, शास्त्रज्ञांची आणि क्षेत्रावरच्या कर्मचाऱ्यांची पदं मोठ्या संख्येनं रिकामी आहेत. एक माणूस शिकवतो, संशोधन करतो, बैठकांना जातो, दोन-दोन कार्यभार सांभाळतो आणि आम्ही म्हणतो की तो बांधावर का येत नाही. पैदासकार निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कुणी तयार नसलं, तर त्यानं जपलेलं साहित्य आणि त्याची नजर दोन्ही जातात. नवं वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. आज रिकाम्या ठेवलेल्या जागेची किंमत आम्ही दहा वर्षांनी मोजू. आपल्याला सेवेत राहून हे उघड बोलता येत नसेल, तर आकडे आमच्या हाती द्या. कोणत्या केंद्रावर किती पदं मंजूर आणि किती भरलेली, हे दर वर्षी १८ मे रोजी जाहीर करा. आमदारांच्या दारात आम्ही जाऊ. हे विद्यापीठ आमच्या आधीच्या पिढीनं रस्त्यावर उतरून मिळवलंय, ते रिकामं होताना आम्ही नुसतं पाहत बसणार नाही.

एवढं लिहिताना कुठं शब्द कठोर गेला असेल तर राग मानू नये. मागण्या मोठ्या नाहीत. बियाणं तालुक्यात मिळावं. हंगामात शास्त्रज्ञ हाताशी असावा. शिफारशीत जमीन, खर्च आणि जोखीम लिहिलेली असावी. विद्यार्थ्यानं एका एकराचा हिशोब ठेवावा. बायकांची साधनं बाजारात यावीत. खरडलेल्या जमिनीचं उत्तर शोधावं. रिकामी पदं भरावीत. यांतल्या निम्म्या गोष्टींना नवा निधी लागत नाही, ठरवावं लागतं.

येत्या मृगात चाड्यावर मूठ धरण्याआधी आम्हाला एक शब्द द्या. या सातांपैकी निदान तीन गोष्टी या हंगामात सुरू करू, असं लेखी जाहीर करा. पुढच्या १८ मे रोजी आम्ही परभणीला येऊ, तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी त्या तीन गोष्टींचा हिशोब विचारू. आपण तो द्याल अशी खात्री आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
जिंतूर तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी